नवरी अजून पाण्यात आहे

टेमघर, भिवंडी
१४ नोव्हेंबर १९९३

सुधीर,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी कॅसेटबद्दल बोलू.

पार्सल मंगळवारी मिळालं. मी नगरपालिकेतून घरी येईपर्यंत तुझ्या आईने आळीतल्या तीन बायका जमवून, टेप लावून सगळ्यांना चहा दिला होता. चौघी तोंडाला पदर लावून बसलेल्या. काय झालं म्हणून विचारलं, तर तुझी माई म्हणाली, "सुधीरचं गाणं लागलंय." मला वाटलं गुलाम हुसेनचा लूमचा कारखाना उठून आपल्या ओटीवर आला.

खरं सांगते, शिसारी आली. जन्मभर त्या लूमच्या खटखटीत झोपलो, उठलो, जेवलो. एक शुक्रवार तेवढा कारखाने बंद म्हणून कान मोकळे असतात. तो आवाज आता कागदात गुंडाळून विकत घ्यायचा? आणि त्यावर तुम्ही तिघे नुसते बोलता. याला रॅप म्हणतात असं माईने सांगितलं. मी जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीवर बसते. तिथे भांडायला येणारे लोक याच चालीत बोलतात, पण निदान त्यांचं काहीतरी काम अडलेलं असतं.

एक बाजू संपली म्हणून कॅसेट उलटली, तर पुन्हा तेच. टेप बिघडला असं वाटून मी तो दोनदा ठोकला. मग वेष्टनावर वाचलं : "तीन पाळी. पहिलं गाणं : धोटा. दोन्ही बाजूंना." नाव बरं शोधलंत, तीन पाळी! लूममधला धोटा इकडून तिकडे धावतो तसे तुम्ही शब्द पळवता, इतकं मलाही कळलं. पण हे काय?

"दिवस विकला मालकाला, रातीला नाही भाव,
धोटा इकडे, धोटा तिकडे, मधे पिंजलं गाव."

सुधीर, तू एक तरी पाळी केली आहेस? तुझे वडील पोस्टात होते. आणि मालकाला दिवस विकला म्हणणारा तो अशरफ गुलाम हुसेनचा मुलगा, म्हणजे मालकाचाच. कामगारांची तोंडं काय आजारी पडली होती? तुम्हा तिघांत घाम गाळणारा एकच, तो वळ गावचा हिरामण. त्याच्या वाट्याला गाण्यात फक्त "हे हे" आलंय.

मधे एक बाई गाते. म्हातारी असावी. तेवढंच एक माणसाचं वाटलं. चार ओळी गाते आणि कुणी तोंड दाबावं तशी थांबते. ती कोण, आणि तिला तोडलं कुणी?

आता आशीर्वाद. थंडीत डोक्याला रुमाल बांध.

मावशी

दिल्ली
५ डिसेंबर १९९३

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी अशरफला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मावशीने एवढ्या शिव्या दिल्या म्हणजे तिने गाणं निदान चार वेळा ऐकलं." खरं ना?

लूमचा आवाज ऐकून तू नाक मुरडलंस, पण इथल्या कॅसेट कंपनीने आम्हाला त्याच आवाजासाठी घेतलं. असला ठेका दिल्लीत कुणी ऐकलेला नाही. आम्ही शुक्रवारीच रेकॉर्डिंग केलं. सगळे कारखाने बंद होते. गुलाम हुसेन चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा शुक्रवारी एक लूम चालू केला, पोराच्या हट्टापायी, आणि स्वतः कानात कापूस घालून दारात बसले. म्हणाले, "ये आवाज से मैं भागता हूँ, तुम लोग पकड रहे हो."

ती बाई म्हणजे हिरामणची आजी, बायजाबाई. वळची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाते. मे महिन्यात हिरामणच्या बहिणीची हळद होती, तेव्हा मी टेपरेकॉर्डर तांदळाच्या सुपामागे ठेवला होता. धवला आठ ओळींचा आहे. आमच्या ठेक्यात चार बसल्या. पाचवीला धोटा परत येतो, तिथे तोडावंच लागतं. आजीला नंतर ऐकवलं. ती हसली.

आम्हा दोघांना कंपनीने इथेच ठेवून घेतलंय. हिरामण काल्हेरच्या गोदामात टेम्पोच चालवतोय, त्याला बोलावू लवकरच.

मावशी, एक दिवस लोक म्हणतील की हे सगळं भिवंडीतून सुरू झालं. तेव्हा पदर तोंडाला लावू नकोस.

तुझा सुधीर

टेमघर
३० मार्च १९९४

सुधीर,

तुझा धोटा गावभर फिरतोय. पानवाला, रिक्षावाला, इस्त्रीवाला. होळीला तर ओल्या अंगाची पोरं त्यावर नाचताना आपल्या दाराशी येऊन पडली. माई प्रत्येकाला सांगते, "आमच्या सुधीरचं." मी आत जाते.

पण आज लिहितेय ते बायजाबाईबद्दल.

परवा हिरामण तिला डोळे दाखवायला टेमघर नाक्याच्या डॉक्टरकडे घेऊन आला होता. मी भाजी घेत होते. पानाच्या टपरीवर तुझं गाणं लागलं. तिच्या चार ओळी आल्या, तुटल्या, आणि तुमची बडबड सुरू झाली. तशी ती म्हातारी थांबली. हातातली पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि रस्त्याच्या मधोमध उरलेल्या चार ओळी गायला लागली. मागून टेम्पो हॉर्न देतोय. टपरीवरची पोरं हसतायत. एक म्हणाला, "आजी, तेरा भी कॅसेट निकलेगा क्या?"

ती म्हणाली, "निंगाला ना रं. तुज्याच दुकानान वाजतंय."

कुणी विश्वास ठेवला नाही. हिरामण मान खाली घालून उभा. मी दोघांना घरी आणलं, चहा दिला. विचारलं, आजी, असं रस्त्यात का गायलात?

"मंग काय करू, बाय? होडी सुटली काल्हेरच्या बंदराशी, वारा पडला, नवरी भरल्या खाडीन, आन तुमचा पोर बोलतंय धोटा, धोटा. पोर उतरंल कशी?"

मी म्हटलं, "आजी, गाणंच आहे ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. जन्मतारीख बदलून मागायला येतात त्यांच्याकडे मी पाहते ना, तसं. "गाना न्हाय, धवला हाय. माज्या आयेना सांगितला, उचललास तं काठाला लाव. न्हाय तं उचलू नको. मांडवान आर्धा ऱ्हायला तं तिथली पोर सासरी रुजत न्हाय."

पुढच्या चार ओळींत काय होतं तेही तिने सांगितलं. मामा गुडघाभर चिखलातून चालत येतो, होडीचा दोर धरतो आणि भाचीला काठाला लावतो. एवढंच. एवढंच तुम्ही कापलंत.

म्हणून ती आता जिथे हे गाणं ऐकते तिथे थांबते आणि नवरीला उतरवते. बाजारात, एस.टी.त, एकदा म्हणे दवाखान्यात. सुनेने तिला घराबाहेर नेणं सोडलंय, लाज वाटते म्हणून. मी म्हटलं, सुधीर लिहितो की गाणं ऐकून तुम्ही हसलात. ती म्हणाली, "हसली? तोंडान दात न्हाय, म्हनून तोंड झाकला."

तिला काही नको. मानधन नको, नाव नको. आठही ओळी पुऱ्या वाजल्या पाहिजेत, इतकंच. तुझ्याकडे हळदीची सगळी टेप असेल. लाव ती.

मावशी

दिल्ली
११ जून १९९४

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. इथे घोटाळे चालू आहेत.

अशरफ गेला. कंपनीच्या साहेबांशी भांडून बहरीनला, त्याच्या मामाकडे. साहेबांनी "तीन पाळी" हे नाव आपल्याकडे ठेवून घेतलं आणि आता चंदीगडची तीन पोरं त्या नावाने स्टेजवर नाचतात. त्यांनी लूम पाहिलेला नाही. त्यांना वाटतं धोटा म्हणजे शिवी. मी कंपनीतच आहे, म्युझिक असिस्टंट म्हणून. साहेब चाल ऐकताना पायाची नखं कापतात. काल एक नख उडून माझ्या मशीनवर पडलं. ते म्हणाले, "काट दो." मला कळेना, गाणं की नख.

हे वाचून तू खूश होशील. हो.

आजीचं मात्र मनावर घेतलंय. तिला सांग, पूर्ण टेप माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात नीट ठेवली आहे. पुढच्या कॅसेटमध्ये आठही ओळी घालतो. शब्द देतो.

पण मावशी, तूही थोडा विचार कर. तो धवला वळच्या मांडवात पन्नास माणसं ऐकत होती. आता देश ऐकतोय. अर्धा का होईना.

सुधीर

टेमघर
९ फेब्रुवारी १९९६

सुधीर,

दीड वर्ष डब्याची वाट पाहिली. या काळात तुझ्या गाण्याचं काय झालं ते तुला दिल्लीत कळत असेलच. तरी मी इथून सांगते, कारण इथे ते नाकाखाली येतं.

नवरात्रात ते गरब्याच्या चालीत आलं. निवडणुकीत एका उमेदवाराच्या टेम्पोवर आलं, धोट्याच्या जागी त्याचं नाव. गणपतीत बँजोवाल्यांनी वाजवलं. मग नवी कॅसेट आली, तिच्यात बायजाबाईचा आवाज इतका पळवलाय की उंदीर चिरडल्यासारखा वाटतो. त्या कॅसेटवर ओली साडी नेसलेली बाई आहे. पानवाल्याने ते चित्र टपरीच्या फळीवर चिकटवलंय आणि लोक तिथेच पिंक टाकतात. त्या बाईच्या पायाशी लाल ओघळ वाळलेले असतात. मी रोज तिथून जाते. टपरी आली की मान फिरवते. तुला वाटेल मावशी सोवळी आहे. ओल्या साडीचं मला काही नाही. पाहिलेल्या आहेत साड्या. त्या आवाजामागे एक बाई बसली आहे आणि तिच्यावर गाव थुंकतंय, हे मला पाहवत नाही.

आणि सगळ्यांत तेच आहे बघ. चार ओळी, आणि कट. गरबा असो की उमेदवार, पाचवी ओळ कुणालाच सापडली नाही. पहिल्याने जिथे कापलं तिथेच सगळे कापतात.

आता ऐक. वळ, काल्हेर, पूर्णे, कुठल्याच हळदीला बायजाबाईला आता बोलावणं येत नाही. लोक म्हणतात, आजीचा आवाज कॅसेटमध्ये हाय ना, मग आजी कशाला? स्पीकर लावतात. लग्नात अर्धा धवला वाजतो आणि त्यावर पोरं दारू पिऊन नाचतात.

गेल्या महिन्यात काल्हेरची एक मुलगी सासरहून परत आली. नवरा मारतो. तिची आई कुठे गेली भांडायला? जावयाच्या दारी नाही. बायजाबाईच्या दारी! "तुजा आर्धा धवला वाजला माज्या मांडवान, म्हनून पोर रुजली न्हाय." ते म्हातारीचंच म्हणणं आहे. तिच्या आईने सांगितलेलं. जे सांगत ती सत्तर वर्षं जगली, तेच कुणीतरी तिच्या तोंडावर मारलं. मला त्या बाईची किळस आली, त्या जावयाची आली. आणि तुझी आली, हे लिहिताना हात अडखळत नाही.

ती दर वेळी मला विचारते, "डब्यानला धवला कदी येल?" मी सांगते, सुधीर शब्दाचा पक्का आहे.

काय सांगू पुढच्या वेळी?

मावशी

दिल्ली
३० ऑगस्ट १९९८

प्रिय मावशी,

मधली पत्रं त्रोटक होती, माहीत आहे. माईच्या आजारपणात येऊन गेलो तेव्हाही तू माझ्याशी भाजीचे भाव सोडून काही बोलली नाहीस.

आता चांगली बातमी. इथल्या एका संगीत मासिकाने मोठा लेख छापला आहे. त्यात म्हटलंय की आपल्याकडे रॅपचं रोप लागलं त्यात "धोटा" पहिल्या काहींत होतं. मुंबईची, पुण्याची नवी पोरं तो ठेका घेऊन गाणी करतात. लोकगीताचा तुकडा आणि मशीनचा ठेका ही रीत आमच्यापासून पडली असं लिहिलंय. फोटोत अशरफ, मी आणि हिरामण, चाचांच्या लूमसमोर. हिरामणचं नाव चुकलंय, पण फोटो आहे.

तू म्हणशील वारसा कसला, उकिरडा. मलाही पुष्कळदा तसंच वाटतं. रोज माझ्या टेबलावर त्या चार ओळींची नवी नक्कल येते आणि मला ती ऐकून पास करावी लागते. परवा एका लहान मुलांच्या पावडरीच्या जाहिरातीत होती. मी उठून बेसिनपाशी गेलो आणि तोंडावर पाणी मारलं. पण तीच पोरं, मावशी, ती मुंबईतली, त्यांनी स्वतःच्या चाळींचे आवाज टेप करायला घेतलेत. त्याचं काय करायचं? सगळंच थुंकून टाकायचं?

असो. साहेबांना आता "धोटा भाग दोन" काढायचा आहे. आणि त्यात धवल्याचा पुढचा भाग हवा आहे! शेवटी आलंच ना ते? मी माणूस पाठवतो, चांगला रेकॉर्डर घेऊन. आजीला फक्त त्या चार ओळी म्हणायच्या आहेत. खरं तर साहेब म्हणतात दोन पुरेत, चिखलाच्या; बाकी नाच. आवाज ताजा हवा. आजीला शब्द आठवत नसतील तर तू जवळ बस आणि आठवण करून दे, कारण माझ्याकडे त्या ओळी कुठेच नाहीत.

लवकर कळव. साहेब घाईत आहेत.

सुधीर

टेमघर
२० सप्टेंबर १९९८

सुधीर,

तुझ्याकडे त्या ओळी कुठेच नाहीत.

हे वाक्य मी ओट्याशी उभी राहून वाचलं आणि भात करपला. म्हणजे डबा नव्हता. किंवा डबा होता आणि त्यात बिस्किटं होती. त्या टेपवर तू पुढे काय भरलंस, ते विचारत नाही. चार वर्षं मी एका म्हातारीला तुझ्या डब्याचा शब्द देत आले. तू मला खोटं लिहिलंस याचं मी पाहून घेईन. तू ते माझ्या तोंडून तिला सांगायला लावलंस, त्याची मात्र चव जिभेवरून जात नाही.

मासिकाचा लेख माईच्या उशाशी आहे. वाचला. मुंबईतली ती पोरं खरोखर स्वतःच्या चाळीचे आवाज टेप करत असतील तर त्यांना माझा आशीर्वाद. पण त्यांना एवढं सांग, की टेप करताना माणसाला समोर बसवा, सुपामागे लपू नका.

रविवारी वळला गेले. आता तिथे भातखाचरांत गोदामं उभी राहिलीत, ट्रकांच्या रांगेतून हिरामणने वाट काढून नेलं. बायजाबाई ओटीवर सुकी मासळी निवडत बसली होती. दिसत नाही फारसं, वासाने निवडते. मी तिला सगळं सांगितलं. डब्याचंही.

"मना म्हाईत व्हता," ती म्हणाली. "डब्यान पोर ऱ्हाते काय?"

मग तुझ्या साहेबांचं सांगितलं. माणूस येईल, मशीन आणेल, तुम्ही पुढचं म्हणा. मला वाटलं ती लगेच हो म्हणेल. पाच वर्षं ती याचीच वाट बघत होती. हिरामणलाही तसंच वाटलं. तो आत जाऊन तिचं लग्नातलं लुगडं घेऊनच आला. म्हणाला, "आजी, फोटो पन काढतील."

तिने विचारलं, "चारी घेतील?"

मला खोटं बोलता आलं असतं. घरात उदाहरण आहे. मी म्हटलं, "दोन. मामा चिखलातून येतो तिथपर्यंत. मग नाच."

तिने हातातला बोंबील टोपलीत टाकला. समोर एक ट्रक मागे मागे येत होता, त्याचं ते पीं पीं चाललेलं.

"म्हंजी मामाला बी चिखलान उभा करतील," ती म्हणाली. "आदी पोर पान्यान सोडली. आता मामा चिखलान. त्यान्ला सांग, एकच ऱ्हाव दे. एकीला मी उतरवतेय. दोगांला उतरवाला माज्यान दम न्हाय."

हिरामणने लुगडं परत आत नेलं.

तेव्हा माणूस पाठवू नकोस. आला तर मी ट्रकांच्या रांगेत त्याची वाट चुकवीन. ओळी मला पाठ आहेत. इतक्या वेळा तिच्याशेजारी रस्त्यात उभी राहिले की पाठ न होऊन सांगतात कुणाला! पण मी त्या लिहून देणार नाही. तुला हव्या असतील तर वळला ये, तिच्यासमोर बस, आठही ओळी संपेपर्यंत उठू नकोस. हातात काही आणू नकोस.

परतताना रिक्षा केली. काल्हेरच्या पुढे त्याने टेप लावला. नवीनच काहीतरी, खूप ढोल, पण मधे तीच ती, उंदरासारखी. होडी सुटली. वारा पडला. नवरी मागे वळून बघते, आई दिसत नाही. कट.

मी पर्स मांडीवर ठेवली आणि पुढच्या चार ओळी म्हटल्या. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, टेप बारीक केला.

"बाई, गाना खतम हो गया."

"तुमचं झालं असेल," मी म्हटलं, आणि मामाने तिला काठाला लावेपर्यंत थांबले नाही.

आशीर्वाद या पत्रात नाहीत. वळला ये, तिथे देईन.

मावशी